शिकता शिकता गेलेले

(नभोवाणीवरील भाषण)

मुंबईहून जुन्या हमरस्त्याने पुण्याकडे निघालेल्या प्रवाशास पनवेल सोडल्यावर डाव्या हातास प्रबळगडाची सपाट पाठ आणि तिच्या शेजारी इर्शाळगडाचा सुळका दिसू लागतो. उजव्या अंगास माणिकगड असतो. या डोंगरांच्या मधल्या सखल भागात, खालापूर तालुक्यात, लोधिवली हे माझे गाव आहे. मुंबईस उतरणारी कितीतरी विमाने आमच्या बाजूने जातात. पावसाळ्यात ढग डोंगरांच्या खांद्यापर्यंत उतरले, म्हणजे विमान दिसत नाही. केवळ त्याचा घोष ऐकू येतो. वर्गात मुले पाढे म्हणत असताना हा घोष आला की ती क्षणभर थांबत आणि वर पाहत. मीही त्यांच्याबरोबर वर पाहत असे. परंतु माझ्या पाहण्यात कौतुकाबरोबर थोडी धास्तीही असे, आणि तिला कारण होते.

सन 1979 च्या ऑगस्ट महिन्यात मी नुकताच शिक्षक झालो होतो. त्या महिन्याच्या 4 तारखेस पुण्याहून मुंबईस निघालेले इंडियन एअरलाइन्सचे एक विमान पनवेलजवळच्या किरोलीच्या डोंगरावर आदळले. आतील 45 माणसांपैकी एकही वाचला नाही. पुणे ते मुंबई हे अंतर विमानास ते किती! चहाचा पेला रिकामा होतो न होतो तोच उतरण्याची वेळ यावी, एवढेच. पण त्या एवढ्याशा वाटेत सह्याद्री आडवा आहे, हे त्या दिवशी आम्हां सर्वांच्या ध्यानी आले. त्याच्याही आधी, सन 1962 च्या जुलै महिन्यात, 6 आणि 7 तारखांच्या मधल्या रात्री, सिडनीहून रोमकडे निघालेले आलितालिया या इटालियन कंपनीचे विमान मुंबईस उतरण्याच्या बेतात असता जुन्नरकडील डोंगरावर आदळले आणि 94 माणसे प्राणास मुकली. ती जागा मुंबईपासून सुमारे 84 किलोमीटर दूर आहे. आपण मुंबईच्या अधिक जवळ आलो आहोत, अशी चालकाची समजूत झाली आणि त्याने वेळेआधीच विमान खाली आणले, असे चौकशीत आढळले. डोंगर आपल्या जागी होता. चूक झाली होती ती स्वतःची जागा ओळखण्यात.

या दोन्ही घटना आपल्या घराजवळच्या आहेत. तथापि आज मला जी हकीकत सांगावयाची आहे, ती हजारो मैल दूरच्या एका डोंगरावरील आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील आहे. ते विमान प्रवासी नव्हते, आणि लढाईवरही निघाले नव्हते. ते शिकण्यासाठी निघाले होते. जन्मभर शिकवण्याचाच धंदा केलेल्या मजसारख्या माणसास ही गोष्ट का लागली, हे मी शेवटी सांगेन.

स्कॉटलंड देशाच्या वायव्य भागात ॲसिंट नावाचा एक ओसाड, खडकाळ मुलूख आहे. तेथे बेन मोर ॲसिंट या नावाचा डोंगर आहे. त्याची उंची 998 मीटर. म्हणजे आपल्या माथेरानपेक्षा तो काहीसा उंच आणि हरिश्चंद्रगडापेक्षा बराच ठेंगणा. उंचीने आपणांस त्याचे काही वाटणार नाही. परंतु तो प्रदेश उत्तर ध्रुवाकडचा असल्यामुळे एप्रिलमध्येही तेथे बर्फ असते, आणि समुद्रावरून येणारे वादळ घटकाभरात सगळा मुलूख पांढरा करून टाकते. तेथून आग्नेयेस सुमारे साठ मैलांवर, समुद्रकाठी, किनलॉस नावाचा विमानतळ होता. सन 1940 मध्ये ब्रिटिश हवाई दलाने तेथे एक शिक्षणकेंद्र उघडले. विमान चालवणे, दिशा काढणे, बिनतारी यंत्रावर संदेश धाडणे, तोफ चालवणे या विद्या निरनिराळ्या ठिकाणी शिकून आलेल्या तरुणांनी येथे एकत्र यावे, एका विमानात बसून एकमेकांवर विसंबण्यास शिकावे, आणि मग खऱ्या युद्धावर जावे, असा त्या केंद्राचा हेतू होता. आपल्या भाषेत सांगावयाचे तर निरनिराळ्या शाळांत शिकलेल्या मुलांची परीक्षेपूर्वीची ही शेवटची इयत्ता होती.

शिकवण्यासाठी जी विमाने वापरीत त्यांत ॲन्सन नावाचे एक विमान होते. दोन इंजिनांचे, लाकडी पंखांचे, साधे आणि विश्वासू असे ते यंत्र. 1936 मध्ये ते हवाई दलात आले तेव्हा नवलाईचे मानले गेले. कारण उड्डाण केल्यावर चाके पोटात ओढून घेण्याची सोय त्यात होती. मात्र ती चाके ओढण्यासाठी आतील माणसास हाताने दांडा फिरवावा लागे, आणि तोही दीडशेच्या आसपास वेळा! विहिरीवर रहाट ओढणाऱ्या बाईस जे श्रम पडतात तेच आकाशात चढल्यावर त्या तरुणास पडत. युद्ध सुरू झाल्यावर लवकरच हे विमान मागे पडले आणि त्याच्याकडे प्रामुख्याने शिक्षकाचे काम आले. अशी सुमारे 11,000 विमाने बांधली गेली. किती तरुणांनी त्यात बसून आपला पहिला नकाशा उलगडला असेल, त्याची गणती कोण करणार!

या तरुणांस शिकावयाची विद्या कोणती, हेही थोडे सांगितले पाहिजे. त्या काळी ढगांच्या वर किंवा रात्रीच्या अंधारात आपण कोठे आहोत, हे सांगणारे आजच्यासारखे यंत्र नव्हते. दिशा काढणारा नाविक एका लहानशा मेजावर नकाशा पसरून बसे. त्याच्यापुढे होकायंत्र, वेग दाखवणारी तबकडी आणि घड्याळ, एवढीच सामग्री. इतक्या वेगाने, या दिशेने, इतकी मिनिटे आलो. म्हणून आता येथे असलो पाहिजे, असा हिशेब तो पेन्सिलीने मांडी. तुम्ही आम्ही शाळेत नाव आणि प्रवाह यांची जी उदाहरणे सोडवली, तीच ही. नाव ताशी इतक्या वेगाने वल्हवली, प्रवाह ताशी इतका, तर नाव पलीकडच्या काठास कोठे लागेल? येथे नावेच्या जागी विमान आणि प्रवाहाच्या जागी वारा. समजा, विमान ताशी 150 मैल वेगाने चालले आहे आणि आडवा वारा ताशी 30 मैलांचा आहे. तो वारा हिशेबात धरला नाही, तर एका तासाने विमान ठरल्या जागेपासून 30 मैल बाजूस गेलेले असेल. लोधिवलीच्या डोक्यावर असावयाचे विमान मुंबईच्या पलीकडे समुद्रावर असेल. वर्गात असले उदाहरण चुकले तर मी तांबड्या शाईने फुली मारीत असे, आणि मुलगा दुसऱ्या दिवशी ते पुन्हा सोडवून आणी. आकाशात मात्र फुली मारणारा मास्तर नसतो आणि दुसरा दिवस मिळेल अशी हमीही नसते.

उंची सांगणारी तबकडीही अशीच फसवी. ती हवेच्या दाबावरून उंची सांगते. खाली डोंगर आहे की दरी आहे, हे तिला ठाऊक नसते. हवामान बिघडून दाब 10 मिलिबारने उतरला आणि तबकडी पुन्हा जुळवली नाही, तर विमान खरोखर असते त्याहून सुमारे 300 फूट उंच आहे असे ती दाखवते. म्हणजे वादळात, जेव्हा खरे सांगण्याची सर्वांत अधिक गरज, तेव्हाच ती खोटे सांगण्याचा संभव अधिक.

ही विद्या शिकण्यास त्याच सुमारास आपल्याकडील तरुणही विलायतेस गेले होते. सन 1940 च्या शरद ऋतूत हिंदुस्थानातून 24 वैमानिकांची एक तुकडी इंग्लंडला पोहोचली. तीत शैलेंद्र एकनाथ सुखटणकर हे मराठी आडनावाचे तरुण होते. पुढे त्यांनी बॉम्बफेकी विमानांत दिशा काढणारे नाविक म्हणून काम केले आणि डी. एफ. सी. हे शौर्यपदक मिळवले. याच नकाशांवर, याच वाऱ्यांचे हिशेब करीत ते शिकले असतील. त्यांचे शिक्षण पुरे झाले, म्हणून आपणांस त्यांच्या पराक्रमाची वार्ता तरी आहे. ज्यांचे शिक्षण पुरे झाले नाही त्यांचे काय, हा आजचा प्रश्न आहे.

आता मूळ हकीकतीकडे वळतो. 13 एप्रिल 1941 हा दिवस ईस्टरचा रविवार होता. त्या दिवशी किनलॉसच्या केंद्रातून एक ॲन्सन विमान दूरच्या वाटेने फिरून परत येण्याच्या अभ्यासासाठी निघाले. त्याचा क्रमांक एन 9857. आत सहा जण होते. मुख्य चालक जेम्स स्टेन हा दक्षिण आफ्रिकेचा. त्याने पूर्वीच डी. एफ. सी. हे पदक मिळवलेले होते. म्हणजे ती काही केवळ पोरसवदा मंडळी नव्हती. हाताशी जाणता माणूस होता. वाटेत हिमवादळाने विमानास गाठले.

हिमवादळात विमानाचे काय होते, हे आपल्याकडील माणसास सहसा ठाऊक नसते. पंखांच्या कडेवर बर्फाचे थर चढू लागतात. त्यामुळे वजन वाढते, एवढेच नव्हे. पंखाचा जो घाट विमानास हवेत उचलून धरतो, तो घाटच बिघडतो. हवा आत घेण्याच्या वाटा बर्फाने बुजू लागल्या म्हणजे इंजिनाचा दम जातो. विमान आपोआप खाली येऊ लागते. बर्फ वितळावे म्हणून उबदार हवेत, म्हणजे आणखी खाली जावे, तर खाली डोंगर. वर जावे, तर वर चढण्याची शक्ती उरलेली नाही. अशा वेळी ढगाच्या आत बसलेल्या माणसांपुढे जो पेच उभा राहतो, त्याचे उत्तर कोणत्याच पुस्तकात नाही. ते विमान बेन मोर ॲसिंटच्या अंगावरील एका उंच, निर्जन उतारावर आदळले.

विमान परत आले नाही, तेव्हा शोध सुरू झाला. पण सगळा डोंगर हिमाखाली होता आणि पांढऱ्या बर्फावर काही दिसेना. एक आठवडा गेला, दोन गेले, महिना गेला. अखेर 25 मे रोजी, म्हणजे 42 दिवसांनी, बर्फ वितळू लागल्यावर एका मेंढपाळास ते मोडलेले विमान आणि त्यातील माणसे आढळली. येथे क्षणभर थांबावेसे वाटते. ज्यांच्या शोधासाठी सरकारने माणसे आणि यंत्रे धाडली, ते सापडले तर आपल्या मेंढरांमागे हिंडणाऱ्या एका साध्या माणसास! डोंगराची खरी ओळख त्यावर चरणाऱ्या जनावरांस आणि त्यांच्या मागे चालणाऱ्या माणसांस असते. आमच्याकडील ठाकर आणि कातकरी बांधवांस डोंगराची जी वाट अंधारात सापडते, ती नकाशा घेऊन आलेल्या साहेबास भर दुपारी सापडत नाही, हे मी चाळीस वर्षे पाहिले आहे.

त्या दुर्गम उतारावरून सहा देह खाली आणणे कठीण होते. म्हणून त्यांना जेथे मृत्यू आला तेथेच पुरण्यात आले, आणि वर दगडांची रास रचण्यात आली. खाली इंचनाडॅम्फ नावाच्या वस्तीतील जुन्या देवळाच्या आवारात त्यांच्या नावांचे स्मारक आहे. ती नावे अशी: जेम्स स्टेन, विल्यम ड्रू, जॅक एमरी, टॉमस केनी, चार्ल्स मिचेल आणि हॅरोल्ड टॉम्पसेट. आपणांस ही नावे परकी आहेत आणि उद्या ती आपल्या स्मरणात राहणार नाहीत, हे मी जाणतो. तरीही मी ती मुद्दाम वाचली. वर्गात हजेरी घेताना गैरहजर मुलाचे नावही वाचावे लागते. ते गाळले तर हजेरी पुरी होत नाही.

श्रोतेहो, डोंगरच कोणाची समाधी व्हावा, हे आम्हां खालापूरकरांस आता परके राहिलेले नाही. 19 जुलै 2023 च्या रात्री इर्शाळगडाच्या अंगाखांद्यावर वसलेल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. पाऊस आणि धुके इतके होते की सज्ज ठेवलेली हेलिकॉप्टरे उडू शकली नाहीत. मदतीस जाणाऱ्यांनी पायथ्यापासून चिखलातली वाट पायांनीच चढली. चार दिवसांनी शोध थांबवावा लागला. 27 देह मिळाले, आणि 57 माणसे बेपत्ता म्हणून नोंदली गेली. ती माणसे त्या मातीतच आहेत. माझ्या घरून तो सुळका दिसतो. त्या दिवसांनंतर त्या स्कॉटिश डोंगराची हकीकत माझ्या वाचनात आली, आणि ती मला दूरची वाटली नाही.

असो. डोंगरावरील असल्या अपघातांतून माणूस काही शिकला का, असा प्रश्न कोणी विचारील. होय, शिकला, पण फार मोठी किंमत देऊन शिकला. वेल्समधील लँडव्रॉग येथील हवाई तळावर जॉर्ज ग्रॅहॅम नावाचे एक डॉक्टर होते. जवळच्या डोंगरांवर शिकाऊ विमाने वारंवार कोसळत आणि जखमी माणूस जिवंत असूनही वेळेवर मदत न पोहोचल्यामुळे दगावे, हे त्यांना पाहवेना. त्यांनी डोंगर चढण्यात तरबेज अशा माणसांचे पथक उभारण्याचा ध्यास घेतला, आणि त्यातूनच 1943 च्या सुमारास ब्रिटिश हवाई दलाची गिरिसंकट-निवारक पथके अस्तित्वात आली. पुढील काळात डोनाल्ड बेटमन नावाच्या अभियंत्याने विमानांच्या डोंगरांवर आदळण्याच्या घटनांचा पाठपुरावा करून एक यंत्र सिद्ध केले. जमीन धोकादायक रीतीने जवळ येऊ लागली की ते चालकास मोठ्याने बजावते. 1970 नंतरच्या दशकात अमेरिकेत मोठ्या प्रवासी विमानांस ते सक्तीचे झाले. नंतर त्या यंत्राच्या पोटी साऱ्या पृथ्वीवरील डोंगरांचा नकाशाच घालण्यात आला. आज रात्री आमच्या गावावरून मुंबईस उतरणारे विमान निर्धास्तपणे उतरते, त्याचे पुष्कळसे श्रेय या यंत्रास आहे. मात्र ते यंत्र पूर्वीच्या अपघातांच्या नोंदींतून शिकले आहे. अपघातात गेलेल्या माणसांनी, आपण शिकवीत आहोत हे न कळता, मागून येणाऱ्यांस शिकवले, असेच म्हटले पाहिजे.

आता मी माझ्या मुख्य मुद्द्याकडे येतो. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बफेकी विभागाचे 55,573 सैनिक त्या युद्धात मृत्यू पावले. त्यांपैकी आठ हजारांहून अधिक माणसे शत्रूच्या मुलखावर गेली नव्हतीच. ती शिकताना किंवा अन्य अपघातांत गेली. म्हणजे साधारण सात मृतांमागे एक! लढाईचा इतिहास लिहिणारा या आकड्यावरून घाईने पुढे जातो. पोवाडा रचणाऱ्यास त्यात विषय सापडत नाही. शत्रूस पाठ न दाखवता पडला, असे म्हणावे तर शत्रू समोर नव्हता. विजय मिळवला म्हणावे, तर लढाई झालीच नव्हती. आई-बापांनी शेजाऱ्यांस काय सांगावे? मुलगा शिकत होता, एवढेच ना?

परंतु युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या थडग्यांची व्यवस्था पाहणारे जे मंडळ सन 1917 मध्ये स्थापन झाले, त्याने या बाबतीत एक नियम पाळला, तो मला फार मोलाचा वाटतो. दुसऱ्या महायुद्धापुरता तो नियम असा: 3 सप्टेंबर 1939 पासून 31 डिसेंबर 1947 पर्यंत जो कोणी सैनिक सेवेत असताना मृत्यू पावला, त्याचे नाव नोंदले जाईल, मग तो रणांगणावर पडो, रुग्णालयात तापाने जावो, की शिकताना अपघातात सापडो. त्यातही अधिकाऱ्यास मोठा दगड आणि शिपायास लहान, असा भेद नाही. पुण्याजवळ खडकी येथे याच मंडळाची दफनभूमी आहे. तेथे दुसऱ्या महायुद्धातील 1,668 थडगी आहेत. पुण्यातील श्रोत्यांनी एकदा सवडीने तेथे जाऊन यावे. एका ओळीत उभे असलेले ते सारखे दगड पाहिले म्हणजे ध्यानी येते की मरण कसे आले, हे तेथे कोणी विचारीत नाही. कशासाठी निघाला होता, एवढेच पाहिले जाते.

मला हा नियम का भावला, ते आता सांगतो. त्यात माझ्याच एका चुकीची कबुली आहे.

माझ्या हाताखाली शिकलेला एक मुलगा सैन्यात भरती झाला. अभ्यासात बेताचा, पण धावण्यात आणि डोंगर चढण्यात त्याचा हात कोणी धरीत नसे. भरतीची चिठ्ठी आली तेव्हा पेढे घेऊन तो प्रथम माझ्याकडे आला होता. प्रशिक्षण संपावयास थोडे दिवस उरले असता एका अपघातात तो गेला. त्याचे नाव मी येथे घेत नाही. त्याच्या आईची तशी इच्छा आहे. पुढे काही वर्षांनी आम्ही शाळेत एक फळा लावण्याचे ठरवले. आसपासच्या गावांतील जे जवान देशासाठी कामी आले त्यांची नावे त्यावर लिहावयाची आणि 15 ऑगस्टला तो फळा उघडावयाचा, असा बेत होता. नावांची यादी करण्याचे काम माझ्याकडे आले. मी कागदपत्रे पाहिली, घरोघर विचारले आणि यादी पुरी केली. तीत या मुलाचे नाव मी घातले नाही. तो लढाईत गेला नव्हता, म्हणून ते त्या यादीत बसत नाही, असे मला त्या वेळी प्रामाणिकपणे वाटले. शाळामास्तराचा नियमीपणा कधी कधी त्याच्या बुद्धीवर मात करतो, त्यातलाच तो प्रकार.

समारंभास त्याची आई आली होती. तिला वाचता येत नव्हते. शेजारच्या मुलीने तिला फळ्यावरील सगळी नावे वाचून दाखवली. समारंभ आटोपल्यावर ती माझ्याकडे आली. रागावली नव्हती. एवढेच म्हणाली, “मास्तर, माझा पोर लढाईला गेलाच नाय, ते मला ठावं हाय. पन जायलाच तं निघाला व्हता ना?”

मजपाशी उत्तर नव्हते. आपल्या शिष्यास शिकण्यातच मरण आले, आणि शिक्षकानेच ते हिशेबात धरले नाही, याहून मोठी चूक कोणती? मी जन्मभर मुलांस सांगत आलो होतो की उत्तर चुकले तरी चालेल, पण रीत बरोबर असली पाहिजे. रीतीलाही गुण असतात. त्या मुलाची रीत बरोबर होती. उत्तरापर्यंत पोहोचण्यास त्यास अवधी मिळाला नाही, इतकेच. असे असता मी त्यास शून्य गुण दिले होते.

पुष्कळ दिवस मी ही गोष्ट मनाच्या कोपऱ्यात ढकलून ठेवली. निवृत्त झालो, आणि मग एके दिवशी त्या सहा जणांची हकीकत वाचनात आली. तिच्यातील शेवटची गोष्ट तुम्हांस सांगावयाची राहिली आहे. त्या डोंगरावरील दगडांची रास ऊन, वारा, हिम सोशीत सत्तर वर्षे तेथे होती. सन 2013 मध्ये त्या जागी ग्रॅनाइटचा नवा दगड बसवावयाचे ठरले. त्याचे वजन सुमारे 600 किलो. तो माणसांनी वाहून नेण्यासारखा नव्हता, म्हणून हवाई दलाच्या एका मोठ्या हेलिकॉप्टरने तो उचलून त्या निर्जन उतारावर नेऊन ठेवला. जेथे वर्षाकाठी मोजकीच माणसे पाय ठेवीत असतील, अशा ठिकाणी एवढा खटाटोप कशासाठी? वाचणारा कोणी नसला तरी नाव लिहिलेले असावे, यासाठी. नाव वाचले जाणे हे पुढच्यांच्या हाती. ते लिहिणे हे आपल्या हाती.

ते वाचल्यावर मी उठलो आणि शाळेत गेलो. आता तेथे माझ्या हातचेच दोन विद्यार्थी शिक्षक आहेत. त्यांना मी सगळे सांगितले. त्यांनी आढेवेढे घेतले नाहीत. रंगाऱ्यास बोलावले. फळ्याच्या तळाशी जागा होती, पण ती अपुरी वाटली, म्हणून रंगाऱ्याने अक्षरे थोडी बारीक काढू का, असे विचारले. मी नको म्हटले. सगळा फळा पुसून सर्व नावे नव्याने, एकाच मापाच्या अक्षरांत लिहून घेतली. पुढे शिकताना गेला, कामावर असताना गेला, असा कोणताही शेरा घातला नाही.

त्या माउलीला मी फळ्यापुढे नेले. वाचता येत नसले तरी आपल्या मुलाचे नाव कोठे आहे, ते मी तिला बोटाने दाखवले. तिने पदराच्या टोकाने त्या अक्षरांवरची धूळ पुसली. धूळ तेथे नव्हती, रंग ताजा होता, आणि तो थोडा तिच्या पदरास लागला. तिने तो तसाच राहू दिला.

श्रोतेहो, आपल्या गावातही असा एखादा मुलगा असेल. लढाईपूर्वीच, शिकता शिकता गेलेला. आपल्या यादीत त्याचे नाव आहे की नाही, तेवढे एकदा पाहावे, इतकीच माझी विनंती आहे. नसेल, तर ते घालण्यास अद्यापि उशीर झालेला नाही.